भाच्याची जागा

सहाला दहा मिनिटे कमी असताना चिंधू गोदामामागच्या खोलीतून निघे आणि विहिरीवर येई. दोन बादल्या पाणी तो शेंदून काढी, एक धुण्यासाठी आणि एक नुसती खंगाळण्यासाठी. गाडीवरचे कापड मालकीण शकुनबाईंनी चार जुनी धोतरे जोडून शिवलेले होते. ते तो ओढून काढत नसे, एका टोकाकडून घडी घालत उचली, कारण कापडावर बसलेली धूळ रंगावर घासली की केसासारखे ओरखडे उमटतात. आधी टप, मग काचा, मग लांबलचक नाकाड बॉनेट, मग दारे आणि सर्वांत शेवटी चाके. चाकांचे फडके वेगळे असे आणि ते तो वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवी. सगळे कोरडे करून झाले की आत शिरून मखमली बैठकांवरून हात फिरवी, काल कोणाच्या चपलेतून आलेला चिखलाचा खपला बोटाने उचली, आणि मग स्टिअरिंगमागे बसून इंजिन सुरू करी. एखादे मिनिट मान किंचित तिरकी करून नुसता ऐकत राही. पावणेसात वाजलेले असत.

टिकारामजी रहांगडाले हे सारे वरच्या खोलीच्या खिडकीतून पाहत. हातात चहाचा कप असे. कप रिकामा झाला तरी ते तिथेच उभे राहत आणि इंजिनाचा आवाज कानावर आल्याखेरीज जिना उतरत नसत. घरच्यांना वाटे, शेठ गाडीवरून नजर काढत नाहीत. खरी गोष्ट निराळी होती. चिंधू त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, आणि त्यांच्या जातीत काय, त्या साऱ्या मुलखात काय, मामाने भाचा दृष्टीस पडताच वाकून त्याच्या पाया लागायचे असते. मग भाचा पाळण्यातला असो की मिसरूड फुटलेला. भाच्याकडून सेवा घेत नाहीत, त्याला उष्टे उचलू देत नाहीत, त्याच्याकडून ओझे वाहवून घेत नाहीत. भाचा म्हणजे घरी चालत आलेला देव. तो देव अंगणात बादली घेऊन उभा असताना समोर जायचे कसे? वाकावे तर त्याच्या हातात ओले फडके. न वाकावे तर चार माणसे बघतात. टिकारामजींनी यातून एक वाट काढली होती. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचे पाय दिसत नाहीत. म्हणून ते इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत, खाली येत, आपल्या हाताने मागचे दार उघडून बसत आणि खिडकीबाहेर पाहत म्हणत, "चाल बापू."

दीड वर्ष हे असे चालले होते.

टिकारामजींचे घर सिहोऱ्याचे. वडिलार्जित धानाची शेती होती, पण नाव झाले ते ट्रकांमुळे. चिखल्याच्या खाणीतले मॅंगनीज तुमसर रोडच्या रेल्वे यार्डात पोहोचवायचे काम त्यांच्याकडे होते. एका ट्रकापासून सुरुवात केलेला हा माणूस कॅबिनमध्ये झोपला होता, चाक बदलताना बोट चेचून घेतले होते. गाडी चालवायला मात्र कधी शिकला नाही. पहिल्याच खेपेला ट्रक धानाच्या बांधीत घातला होता आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही असे ठरवले होते. १९८५च्या मे महिन्यात त्यांनी नागपूरहून कॉन्टेसा आणली. साऱ्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती. मोतिया रंग, जमिनीत बसवलेला गिअर, आणि वेग घेताना पोटात पाणी हलू न देणारी चाल. तुमसरच्या बाजारातून ती गेली की दुकानदार तराजू हातात तसाच धरून बघत राहत.

गाडी आणायला जाताना त्यांनी चिंधूला मुद्दाम बरोबर घेतले होते. नव्या वाहनात पहिल्यांदा भाच्याने बसायचे, हा मान. दुकानाच्या काचेच्या दालनात, टाय लावलेल्या विक्रेत्यांसमोर, पन्नाशीचे टिकारामजी वाकून चिंधूच्या पाया लागले, त्याला कुंकू लावले आणि म्हणाले, "बसा भाचेबुवा." चिंधूने दार उघडले ते पुढचे, स्टिअरिंगमागचे. सहा वर्षे एका खाजगी मालकाचा ट्रक हाकलेला पोरगा. वाहनात बसायचे म्हणजे दुसरी जागा त्याला सुचलीच नाही. टिकारामजींनाही ते बरेच वाटले. गाडी सिहोऱ्याला न्यायला कोणीतरी हवाच होता. चिंधूने ती अशी आणली की मागे बसलेल्या मामांच्या हातातला प्रसादाचा नारळ मांडीवरून घरंगळला नाही.

"ड्रायव्हर मिळेपर्यंत राह्य दोन-चार दिवस," ते म्हणाले होते.

दोन-चार दिवसांत दोन माणसे येऊन गेली. एकाला गिअर कळेना, दुसऱ्याच्या तोंडाला वास येई. मग टिकारामजींनी शोधणे सोडून दिले. कधी सोडले, तो दिवस त्यांना सांगता आला नसता. मान म्हणून ज्या जागेवर त्यांनी भाच्याला बसवले होते, त्याच जागेवर तो नोकर झाला. पहिल्या दिवाळीला शकुनबाईंनी इतर ड्रायव्हरांबरोबर त्यालाही पांढरा शर्ट-पँट दिला, आणि तो त्याने घातला.

मंगरू हा त्यांचा सर्वांत जुना ट्रक ड्रायव्हर. तोंडाचा फाटका आणि मनाचा साफ. यार्डात गाडी उभी दिसली की तो हाक मारी, "काय बे भाचेबुवा! तुही नवरी तं रोज आंघोळ करते. आमची म्हातारी पाह्य, पोयाच्या दिवशी एकदा धुतली तं धुतली."

चिंधू हसे. "तिले तूच घाण करतं नं, मंगरूकाका."

"ते जाऊ दे. मामा पाया लागते का अजून तुले? का आता तूच त्याईचं पायपुसनं झटकतं?"

काच खाली होती आणि टिकारामजी आत बसलेले होते. मंगरूला ते माहीत होते. टिकारामजींनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरले. चिंधूने नुसता आरसा नीट केला.

इतके असूनही कदाचित काही दिवस आणखी निभावले असते, पण दसऱ्यानंतर तुमसरच्या भैय्याजींकडचा प्रसंग घडला. भैय्याजी धानाच्या गिरणीचे मालक. त्यांच्याकडे नागपूरचे एक बडे पाहुणे आले होते आणि फराळ चालू होता. टिकारामजींनी आंबागडची सीताफळे आणली होती, ती टोपली घेऊन चिंधू दारात आला. पाहुणे ओसरीवरून गाडी न्याहाळत होते. म्हणाले, "गाडी फार सुरेख ठेवलीय हो. हा मुलगा कोण? तुमच्या घरचा का?"

टिकारामजींनी चिंधूच्या हातातल्या टोपलीकडे पाहिले. भाचा म्हटले असते तर या भल्या माणसांनी त्याला टोपली वाहायला लावलेल्या मामाकडे पाहिले असते. ते म्हणाले, "ड्रायव्हर आहे आपला. चांगला आहे हाताचा."

ते खोटे नव्हते. चिंधूने टोपली ठेवली आणि तो गाडीकडे परत गेला. फराळाची बशी नोकराने त्याला गाडीतच नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकारामजी मागच्या बैठकीवर बसले तेव्हा त्याने विचारले, "शेठजी, चिखल्याले जायचं नं?"

त्यांना वाटले, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. त्यानंतर मामाजी हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. काम तसेच चोख, आवाज तसाच मऊ. शब्द तेवढा बदलला. त्यावर रागावता येत नव्हते, कारण तो शब्द त्यांनीच त्याला दिला होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, कचेरीत डाक आली. खाण कंपनीची तपकिरी पाकिटे टिकारामजींना नेहमीच येत. कामाची, वजनाची, खेपांची पत्रे. त्यांनी गठ्ठा घेतला आणि एकामागून एक पाकिटे फोडली. तिसऱ्यातले पत्र त्यांचे नव्हते. कंपनीला जड वाहनांचे चालक हवे होते. अर्जदार चिंधू ठाकरे, मुक्काम आंबागड, याने सोमवारी सकाळी दहा वाजता मूळ परवाना आणि अनुभवाचा दाखला घेऊन चिखल्याला चाचणीसाठी हजर राहावे, असे त्यात लिहिले होते. आंबागडला डाक उशिरा पोहोचते म्हणून चिंधूने पत्ता कचेरीचा दिला होता. मामाच्या कचेरीत पत्र हरवणार नाही, एवढा त्याचा भरवसा होता.

पाकीट फोडले गेले ही चूक होती. उठून अंगणात जायचे आणि "अरे, तुझं पत्र, चुकून फोडलं" म्हणायचे, एवढेच करायचे होते. टिकारामजी उठलेही. मग त्यांच्या मनात आले, सोमवारी नागपूरला नव्या कामाची बैठक आहे. मोठमोठे कंत्राटदार येतील. त्या आवारात कॉन्टेसातून उतरायचे हे महिनाभर मनात घोळत होते. चिंधू चिखल्याला गेला तर गाडी कोण नेणार? आणि तो निवडला गेला तर? सोमवारनंतर पाहू, अशा चाचण्या पुन्हा निघतात, त्यांनी स्वतःला सांगितले. पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात गेले. रोज सदरा बदलताना ते जुन्यातून काढून नव्यात ठेवावे लागे, आणि दर वेळी आपण ते नव्याने लपवतो आहोत असे त्यांना वाटे. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी पोस्टमन दिसताच चिंधूने गाडी बाजूला घेऊन विचारले, "माहं काही आलं का, जी?" पोस्टमनने मान हलवली. म्हणाला, "तुमच्या कचेरीतच देऊन राहिलो नं सारी डाक." मागे बसलेले टिकारामजी खिडकीबाहेर पाहू लागले. चिंधूने गाडी पुढे घेतली. त्याने आरशात पाहिले की नाही, हे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

शनिवारी चिखल्याहून परतताना वाट वाकडी करून ते आंबागडला थांबले. थांबायचे त्यांनी ठरवले नव्हते. बहीण देवकाबाईने माणसाकरवी निरोप पाठवला होता की नव्या धानाचा भात खाऊन जा. तिचे घर किल्ल्याच्या डोंगराखाली, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी. कापणी अर्धी झाली होती. दोन मुले गेल्यावर जगलेले पोर म्हणून तिने याचे नाव चिंधू ठेवले, देवाची नजर लागू नये म्हणून. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता.

"या भाऊ. आज मोटार आमच्या बोडीवर कशी का आली!" तिने पाय धुवायला पाणी दिले. "वहिनी नाही आल्या?"

"तिले काम होतं."

"असू द्या. बसा. पोट्ट्या, तूही धू हातपाय."

चुलीजवळ दोन पाट होते. लाखोळीची डाळ, वांगी, नव्या तांदळाचा वाफाळता भात. तिने पहिले ताट मुलाच्या पाटापुढे ठेवले, रीतीप्रमाणे. भाच्याने घास घेतल्याशिवाय मामा ताटाला हात लावत नाही. मग दुसरे ताट भावापुढे. टिकारामजी पाटावर बसले आणि थांबले.

चिंधू दारातच उभा होता.

"बस नं बे," देवकाबाई म्हणाली. "मामा खोळंबून राहिले."

"शेठजीचं होऊ दे आधी. मी मंग खाईन."

देवकाबाईच्या हातात भाताची पळी होती. तिने मागे वळून दाराबाहेर पाहिले, कोणी आणखी आले आहे की काय म्हणून. अंगणात कोंबड्या होत्या आणि गाडी होती.

"शेठजी कोन?" तिने विचारले.

तिने भावाकडे पाहिले, मग मुलाच्या पांढऱ्या शर्टाकडे, मग परत भावाकडे. आणि तिला कळले. टिकारामजींना वाटले, आता ही काहीतरी बोलेल; बोलावे, पळी फेकून मारावी. पण ती खाली बसली आणि तिने भातावर झाकण ठेवले.

"चिंधू," ती अगदी हळू म्हणाली, "कामावर कामाचं बोलनं. या घरात मामा हायेत. बस."

तो बसला. त्याने एक घास घेतला, मामांची वाट मोकळी करण्यासाठी. टिकारामजींनीही घास उचलला. भात गोड होता, नव्या धानाचा होता, आणि त्यांनी तो दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही. चिंधू हात धुवायला बोडीकडे गेला तेव्हा देवकाबाई म्हणाली, "भाऊ, त्याचा तुमाले काही तरास तं नाही नं?"

"नाही. तरास काहून होईन?"

"नाही म्हटलं, खानीत अर्ज टाकला त्यानं. तुमाले सांगाले लाजते. म्हनते, मामाची गाडी सोडून गेलो तं कसं दिसंन. तारीख आली म्हनते जवळ, पर पत्र काही आलं नाही." ती ताटे गोळा करत होती. "नशिबात असन तं येईन."

पत्र त्यांच्या छातीवर होते, हात घातला असता तर निघाले असते. ते म्हणाले, "येईन." आणि उठले. जाताना बहीण नेहमीप्रमाणे कुंकू घेऊन दारात आली. त्यांनी कपाळ पुढे केले, पण डोळे तिच्या पायांवरच खिळून राहिले.

परतीच्या वाटेवर संध्याकाळचे ऊन कापलेल्या बांध्यांवर पसरले होते. चिंधू बैलगाड्यांना सांभाळत, एकही हादरा न देता गाडी चालवत होता. तो ती गाडी प्रेमाने चालवतो हे टिकारामजींना माहीत होते. इतके दिवस आपल्या बाजूचा सर्वांत मोठा आधार म्हणून त्यांनी हेच धरून ठेवले होते. त्याला गाडी आवडते, मग आपण त्याचे काय वाईट केले? आता मात्र त्याच्या मानेकडे पाहताना त्यांना एक साधी गोष्ट दिसली. आवडीच्या गोष्टीला बांधलेला माणूस सुटका मागत नाही, म्हणून बांधणाऱ्याचे काम सोपे होते.

घरी आल्यावर शकुनबाईंनी विचारले, "देवकाबाई काय म्हने?"

"काही नाही म्हने," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिनं काहीच म्हटलं नाही, तेच तं."

रविवारी साडेपाचला, विहिरीवर कोणी यायच्या आत, टिकारामजी जिना उतरले. अंगण ओलांडून गोदामाच्या मागे गेले. त्या खोलीच्या दाराशी ते दीड वर्षात पहिल्यांदा आले होते. चिंधू दात घासत होता. मामांना पाहून त्याने घाईने चूळ भरली.

"कुटं जायचं हाये का, शेठजी?"

त्यांनी खिशातून पत्र काढून दिले. "मंगळवारी आलं. पाकीट चुकून फुटलं. ठेवलं ते मात्र मी जानून ठेवलं."

चिंधूने पत्र वाचले. तारीख पुन्हा वाचली. बोटावरची राख पाकिटाला लागली ती त्याने पुसली.

"काहून?" त्याने विचारले.

उत्तर तयार करण्यासाठी त्यांना अख्खी रात्र मिळाली होती. बैठकीचे सांगता आले असते, विसरलो म्हणता आले असते. ते म्हणाले, "तू गेला तं गाडी कोन चालवन, म्हून. दुसरं काही नाही."

टिकारामजी वाकू लागले. चिंधूने पाय मागे घेतले. रागाने नव्हे, समोरून काही सांडले की माणूस मागे सरतो, तसे. "राहू द्या," तो म्हणाला. मामाजी म्हणाला नाही. शेठजीही म्हणाला नाही.

टिकारामजी सरळ झाले. "दीड वर्ष झालं, तुहा हात ट्रकावर नाही," ते म्हणाले. "मंगरूले मी सांगतो. आज दिवसभर त्याची गाडी घे. भरलेली घे, रिकामी नको. रिव्हर्स घालून पाह्य यार्डात. दाखला मी लिहून देतो."

"आन् उद्या नागपूर?"

"ते माहं मी पाहीन."

दाखला त्यांनी कचेरीत बसून स्वतःच्या हाताने लिहिला, मुनिमाला सांगितले नाही. त्यात आधीच्या मालकाकडची सहा वर्षे आली आणि आपल्याकडची दीड. वर्तणुकीबद्दल लिहिताना ते थांबले, आणि मग एवढेच लिहिले की या माणसाच्या हाती मी माझ्या घरातली सर्व माणसे दिली आहेत आणि कधी मागे वळून पाहावे लागले नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

मंगरूने दिवसभर पोराला यार्डात पिळून काढले. दुपारी चहाला आला तेव्हा टिकारामजींना म्हणाला, "हात विसरला नाही पोट्टा. पर शेठ, तुमची नवरी आता कोनाच्या घरी नांदन?"

"नांदन उभ्या उभ्या," टिकारामजी म्हणाले. मंगरूने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि पुढची थट्टा गिळली.

सोमवारी पहाटेच चिंधू मंगरूच्या ट्रकने चिखल्याला निघून गेला. स्टिअरिंगवर तोच होता. टिकारामजींनी त्याला खिडकीतून पाहिले नाही. ते अंगणात उभे होते, आणि ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत उभे राहिले. मग आंघोळ करून, कागदांची पिशवी काखेत घेऊन ते बाहेर पडले.

"कोनाले तरी बलावून घ्या नं," शकुनबाई दारातून म्हणाल्या. "भैय्याजीचा ड्रायव्हर येईन. तिथं सारे मोटारीनं येतीन, आन् तुमी?"

"मी पोहोचलो म्हनजे झालं."

एसटी स्टँडवर शेतावर जाणाऱ्या बाया, शाळेची पोरे आणि दुधाच्या कॅनी होत्या. लोकांनी त्यांना वाट करून दिली, आणि ते नको वाटून टिकारामजी मागे जाऊन रांगेत उभे राहिले. गाडी आली. बसायला जागा नव्हती. ते दांडी धरून उभे राहिले.

कंडक्टर ओळखीचा होता. "शेठ! तुमी? मोटार बिघडली का?"

"नाही," टिकारामजी म्हणाले. "मोटार चांगली हाये. नागपूर एक दे."